माळवद उतरवण्याआधी

जून २०२२ मध्ये मृगाचा पहिला पाऊस झाला, त्या रात्री आईच्या अंथरुणावर पांढऱ्या मातीचा चिखल पडला. आई उठली, पलंग सरकवला, खाली पातेलं ठेवलं आणि परत झोपली. सकाळी म्हणाली, "पांढरी घालायला माणूस बघ." माणूस मिळाला नाही. दर उन्हाळ्यात माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पांढरी माती पसरून, चोपून घ्यावी लागते. ते काम करणारे आमच्या गल्लीत दोघं होते. एक वारला, दुसऱ्याचे गुडघे गेले. माती जिथून आणायची ती गढीची जागाही प्लॉटिंगमध्ये गेली.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं, तालुक्याचं. घर जुन्या गावठाणात. पुढं ढाळज (दारालगतची बसायची जागा), मग अंगण, मग सोप्याचे (राहत्या पडवीचे) चार खण, मागं स्वयंपाकघर आणि परस. भिंती दगड-मातीच्या, अडीच-अडीच फुटी. लाकडी खांब, तुळया, त्यांवर किलचणं (लाकडी फळकुट्या) आणि वर फूटभर माती. उन्हाळ्यात असलं गार घर दुसरं नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी असल्याच घरांनी किल्लारी-सास्तूरकडं माणसं गाडली. मी तेव्हा आठवीत होते. आमच्या घराला फक्त सोप्याच्या कोपऱ्यात उभी भेग पडली. दोन महिने आम्ही अंगणात पाल ठोकून झोपलो, मग वडलांनी भेगेत सिमेंट भरलं आणि तो विषय मिटला. म्हणजे बोलण्यातून मिटला. आई अजूनही त्या कोपऱ्यात पलंग टाकत नाही.

तेव्हा ठरलं असं: ढाळज आणि सोपा उतरवायचा, तिथं आरसीसीचं काम करायचं, वर एक खोली काढायची, मागचं स्वयंपाकघर तसंच ठेवायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, भाऊ पुण्यात नोकरीला. दोघांचे मिळून पाच लाख आणि बाकीचं कर्ज.

मिस्त्रीला दाखवलं तर तो म्हणाला, "परवानगी कशाला बाई? दुरुस्ती म्हणायचं. शनिवार-रविवार धरून स्लॅब टाकूत." मला पटलंही होतं. पण १२ डिसेंबरला बँकेत गेले, तिथल्या मॅडमनी दोनच गोष्टी मागितल्या: मंजूर नकाशा आणि मिळकत पत्रिकेवर, म्हणजे गावठाणातल्या जागेच्या सरकारी उताऱ्यावर, कर्जदाराचं नाव. खरं सांगायचं तर कायद्याच्या धाकानं नाही, कर्जासाठी मी परवानगीच्या मागं लागले. आता तेरा-चौदा महिन्यांचं ते पुराण लिहून ठेवते. जुन्या गावठाणात घर असणाऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

दुरुस्ती आणि बांधकाम यांतला फरक मला परवानाधारक अभियंत्यानं समजावला. (नगरपरिषदेत नोंद असलेलाच अभियंता किंवा वास्तुविशारद लागतो, कारण अर्ज त्याच्याच लॉगिनमधून जातो.) गिलावा, रंग, फरशी, दारं-खिडक्या बदलणं याला परवानगी लागत नाही. पण भार पेलणारी भिंत काढणार, छत बदलणार, वर खोली चढवणार, म्हणजे ते १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातलं 'विकास' या सदरातलं काम झालं. न विचारता केलं तर कलम ५३ ची नोटीस येते. ती आमच्या मागच्या गल्लीत एकाला आलेली होती, हे मला नंतर कळलं. त्याचा अर्धा जिना अजून तसाच उभा आहे.

फी ठरली २५,०००. त्यात नकाशे, अर्ज आणि जोत्यापर्यंतच्या भेटी. त्यानं ती तीन हप्त्यांत घेतली आणि शेवटचा हप्ता परवानगी हातात आल्यावर. असं ठरवता आलं तर जरूर ठरवा.

मग तो म्हणाला, "डिसेंबर २०२० पासून राज्याची एकच बांधकाम नियमावली आहे. तुमची जागा ३०० चौरस मीटरच्या आत, कागद पूर्ण असले की १० दिवसांत परवानगी." मी घरी येऊन आईला सांगितलं, संक्रांतीपर्यंत काम सुरू करूत. संक्रांतीलाच काम सुरू झालं, फक्त पुढच्या वर्षीच्या.

जानेवारी २०२३ मध्ये मिळकत पत्रिका काढली. ऑनलाइन मिळते, शंभराच्या आत खर्च. धारक म्हणून नाव होतं माझ्या आजोबांचं. आजोबा १९८८ साली गेले. आजी १९९९ साली, वडील २०१७ साली. पस्तीस वर्षं हे घर एका गेलेल्या माणसाच्या नावावर होतं आणि आमच्यातल्या कुणालाच त्याची अडचण झाली नव्हती, कारण घरपट्टीची पावती वडलांच्या नावानं यायची. आमच्याकडं नगरपरिषदेच्या उताऱ्याला पीटीआर म्हणतात आणि पीटीआरवर नाव असलं की घर आपलं, अशीच सगळ्यांची समजूत. तसं नसतंय. तो कराचा कागद आहे, मालकीचा नाही.

मग वारस नोंद. नगर भूमापनाच्या कार्यालयात परिरक्षण भूमापक असतात, त्यांच्याकडं अर्ज. सोबत तिघांचे मृत्यू दाखले, वंशावळीचं शपथपत्र, सगळ्या वारसांचे आधार. आजोबांचा दाखला काढायला चार चकरा झाल्या. जुन्या रजिस्टरमध्ये नाव होतं 'नामदेव', मिळकत पत्रिकेवर 'नामदेवराव'. एक 'राव' जुळेना, म्हणून दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं वेगळं शपथपत्र करावं लागलं. रजिस्टर शोधायच्या दिवशी तिथल्या बाबूनं मला विचारलं, "मिस्टर कुठं असतात?" मी म्हटलं, जालन्याला नोकरीला. "मग त्यांना येऊ द्या की सुट्टीत." मी म्हटलं, मृत्यू माझ्या आजोबांचा आहे. तो हसला आणि रजिस्टर काढून दिलं. माणूस वाईट नव्हता.

अर्ज दिला ६ फेब्रुवारीला. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, हे मला माहीत होतं. नोटीस निघायलाच महिना गेला, हे माहीत नव्हतं. नोटिशीची मुदत संपली तरी नोंद होईना. "साहेब दौऱ्यावर", "सर्व्हर बंद", "मार्च एंड". एकदा तिथल्याच एकानं जिन्यात गाठून हळू आवाजात सांगितलं, फाईलचं काहीतरी बघावं लागतंय. मी घाबरले. देऊन मोकळं व्हावं असंही वाटलं, खोटं कशाला बोलू. शाळेतल्या एका सरांनी दुसरा रस्ता सांगितला. माहिती अधिकारात साधा अर्ज करायचा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. भांडण नाही, आरोप नाही, फक्त विचारायचं की अमुक आवक क्रमांकाचा माझा अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे आणि त्यावर आतापर्यंत काय कार्यवाही झाली. अर्ज दिला आणि उत्तर यायच्या आधीच, २४ एप्रिलला, नोंद झाली.

इथं एक सांगते. त्या अर्जात लिहायला आवक क्रमांक माझ्याकडं होता, कारण पहिल्या दिवशी मी पोच घेतली होती. पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद कुणाच्याही हातात द्यायचा नाही. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही. "राहू द्या हो मॅडम, देतो की नंतर" म्हणाले तरी हलायचं नाही.

आता मिळकत पत्रिकेवर पाच नावं आली: नांदेडचे काका, उदगीरची आत्या, आई, भाऊ आणि मी. १९९१ साली घरात तोंडी वाटणी झाली होती, घर माझ्या वडलांना, शेत काकांना. आत्याचं नाव तेव्हा कुणी घेतलंच नव्हतं. अभियंता म्हणाला, पाचही जणांच्या सह्या असतील तर परवानगी मिळते, पण बँक ऐकायची नाही. म्हणजे काका आणि आत्याचं नोंदणीकृत हक्कसोड पत्र.

हा भाग लिहावा की नाही, यावर मी बराच विचार केला. पण अशा प्रकरणांत माणसं खरी अडकतात ती इथं, ऑफिसात नाही. काकांना फोन केला. ते म्हणाले, "वाटणी झालीय ना तोंडी, मग कागद कशाला?" चुलतभावानं फोन घेतला आणि म्हणाला, "आधी तिथं जागेचा भाव काय चाललाय ते बघूत की ताई." मी काही न बोलता फोन ठेवला. पंधरा दिवस कुणीच कुणाला फोन केला नाही. मला रात्री झोप लागेना. भावाचा राग, आईचा अबोला, आणि मला सारखं वाटायचं की मीच हे सगळं उकरून काढलं. पातेलं ठेवून झोपता आलं असतं.

वाट निघाली ती सातबाऱ्यातून. आई म्हणाली, शेताचा उतारा तरी बघ एकदा. काढला. काकांच्या शेतावर इतर वारसांत माझ्या वडलांचं नाव अजून होतं! म्हणजे काका ते शेत आमच्या सहीशिवाय विकू शकत नव्हते, आणि चुलतभावाला त्यातला दोन एकराचा तुकडा विकायचा होता. मी परत फोन केला. ओरडले नाही, फक्त उतारा व्हॉट्सॅपवर पाठवला आणि लिहिलं, एकाच दिवशी दोन्ही करून टाकूत: तुम्ही घरावरचा हक्क सोडा, आम्ही शेतावरचा. तासाभरात काकांचा फोन आला. "ए गं बाई, कधी येऊ सांग."

आत्याला मी फोनवर विचारलंच नाही, उदगीरला जाऊन भेटले. ती ७९ वर्षांची. तिचा हक्क होता, हे तिला माहीत असायला हवं असं मला वाटत होतं, म्हणून आधी ते सांगितलं. तुझा हिस्सा आहे, नाही सोडायचा तर नको सोडू, आपण दुसरा काही मार्ग काढू. तिनं बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "बळद फोडणार का?" सोप्याच्या भिंतीत धान्याचं बळद आहे, ते भिंतीबरोबर जाणारच होतं. मी हो म्हटलं. "मग फोडायच्या आदल्या दिवशी मला बोलीव. आणि जातं कुणाला देऊ नको." एवढंच.

१९ मे २०२३, शुक्रवार. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सकाळी अकराला गेलो, सुटलो साडेचारला. दोन साक्षीदार, सगळ्यांचे फोटो, अंगठे. आत्याचा अंगठा मशीन घेईना. आयुष्यभर भांडी घासलेला अंगठा, रेषाच उरल्या नाहीत. उजवा, डावा, ओला करून, पुसून. शेवटी सातव्या-आठव्या खेपेला घेतला. वयस्कर माणूस सोबत असेल तर पाण्याची बाटली, ओला रुमाल आणि खायला काहीतरी न्या, आणि टोकन शक्य तितकं सकाळचं घ्या. घराच्या दस्ताचा स्टॅम्प, नोंदणी, लेखनावळ मिळून मला ४,८०० रुपये लागले. त्या दस्तावरून परत फेरफार, परत नोटीस. ३० जूनला पत्रिकेवर आई, भाऊ आणि मी, अशी तीनच नावं राहिली. मला शेजारीपाजारी सांगत होते, भावाकडूनही सोडवून घे, नाहीतर आईकडून तरी. काही गरज नव्हती. तिघांनी मिळून अर्जावर सह्या केल्या, बँकेनं तिघांना सहकर्जदार केलं. कुणी म्हणतंय म्हणून हक्कसोड करून घेऊ नका, करून देऊही नका. बायकांना तर हे मी आवर्जून सांगते.

मग मोजणी. ३ जुलैला भूमि अभिलेख कार्यालयात तातडीच्या मोजणीचे २,००० भरले. भूकरमापक आले १४ सप्टेंबरला. लगतच्या धारकांना नोटिसा जातात, त्या दिवशी ते हजर असलेले बरे. पत्रिकेवर क्षेत्र होतं २१२.४ चौरस मीटर, जागेवर भरलं २०५.८. ही साडेसहा मीटर कुठं गेली याचा शोध आईनं आठवडाभर घेतला आणि तीन वेगवेगळ्या शेजाऱ्यांवर संशय घेतला. अभियंता म्हणाला, सोडून द्या, दोन्हींतलं कमी असेल तेच धरतात.

मोजणीचा नकाशा, म्हणजे क प्रत, हातात यायला नोव्हेंबर उजाडला. त्या ऑक्टोबरात सगळीच कार्यालयं कुणबी नोंदी शोधण्यात गुंतली होती. मोडीतली, उर्दूतली बाडं टेबलांवर, माणसं रात्री दहापर्यंत बसलेली. त्यांना आपल्या क प्रतीचं विचारायला मलाच संकोच वाटायचा. ६ नोव्हेंबरला मिळाली.

मधल्या काळात शेजारच्या तात्यांचं प्रकरण होतं. त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीला. भिंत सामाईक, आणि त्यांच्या माळवदाच्या तुळया त्या भिंतीत घुसलेल्या. आम्ही आमची बाजू उतरवली की त्यांचं छत कशावर राहणार? तात्यांनी चहा दिला आणि स्पष्ट सांगितलं, "पोरी, तुझ्या बापाची सोबत होती म्हणून बोलतोय. भिंतीला हात लावलास तर मी कोर्टात जाणार."

संरचना अभियंता लातूरहून आणला. त्याचे १२,०००, आणि सगळ्या खर्चात मला सर्वांत सत्कारणी लागलेले वाटतात ते हेच. त्यानं भिंतीला कान लावल्यासारखं करत हातोडीनं ठोकलं, कोपऱ्यातली १९९३ ची भेग पाहिली, त्यातलं सिमेंट नखानं काढलं. ते सहज निघालं. त्यानं सांगितलं की किल्लारीच्या आधी आपला भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत खालच्या विभागात होता, आता तिसऱ्यात आहे, त्यामुळं जुन्या भिंतीवर नवा स्लॅब ठेवण्याचा विचारही नको. तोड त्यानंच काढली. सामाईक भिंतीला हातच लावायचा नाही. तिच्या आत थोडी फट सोडून आपले स्वतंत्र कॉलम, स्वतंत्र बीम. आमची खोली नऊ इंच कमी झाली आणि तात्यांची भिंत तात्यांची राहिली. त्यांची एकच अट: आमच्या स्लॅबचं पाणी त्यांच्या माळवदावर येता कामा नये, पाइप थेट गल्लीत. नोटरीकडं संमतीपत्र झालं, सोबत त्यांच्या बाजूचे तारखेसहित फोटो जोडले. हे फोटो कामाआधी काढून ठेवाच. उद्या त्यांच्याकडं भेग पडली तर ती आधीची की नंतरची, हे त्यातूनच कळणार.

बेबाकी, म्हणजे कर थकला नसल्याचा दाखला, उरली. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी शास्तीसहित ९,३०० निघाली. महिन्याला २ टक्के शास्ती लागते, वडील गेल्यानंतरची दोन वर्षं राहून गेली होती. भरली, बेबाकी घेतली.

४ डिसेंबर २०२३ ला फाईल ऑनलाइन चढली, महावास्तू पोर्टलवर. १० दिवस मोजायला मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर फुल्या मारत होते. सातव्या दिवशी नगरपरिषदेचे रचना सहायक टेप घेऊन जागेवर आले. घराकडं त्यांनी फारसं पाहिलंच नाही. गल्ली मोजली. ३.४० मीटर. १२ डिसेंबरला त्रुटी आली.

गल्ली साडेचार मीटरपेक्षा अरुंद असेल तर नवं बांधकाम गल्लीच्या मध्यापासून सव्वादोन मीटर सोडूनच करावं लागतं. आमच्या अभियंत्यानं ढाळजेची पुढची भिंत 'अस्तित्वातील' म्हणून दाखवली होती. पण ती तर आम्ही पाडणार होतो. पाडली की नवी झाली, नवी झाली की नियम लागू. हिशेब सोपा: २.२५ मधून १.७० गेले, राहिले ०.५५. जवळपास पावणेदोन फूट घर मागं. आधीच नऊ इंच तात्यांना दिलेले, त्यात हे. त्या रात्री मी अभियंत्यावर फोनवर बरीच चिडले, तोही ऐकून घेत राहिला. चूक त्याची होती आणि त्यानं ती मानली. जुनीच भिंत ठेवून मागं स्लॅब करता येईल का, हेही विचारून पाहिलं. संरचना अभियंत्यानं एका वाक्यात उत्तर दिलं: "मग आईंचा पलंग त्या भिंतीपासून लांब ठेवा."

भिंत मागं घेतली. नकाशा नव्यानं काढला, २२ डिसेंबरला परत चढवला. बाकीच्या त्रुटी किरकोळ होत्या, सेप्टिक टँकची जागा दाखवली नव्हती आणि एका स्कॅनमध्ये आईचं आधार उलटं होतं. तुम्ही गावठाणात बांधणार असाल तर नकाशाच्या आधी, सगळ्याच्या आधी, स्वतः टेप घेऊन गल्ली मोजा. दोन माणसं आणि पाच मिनिटं लागतात.

३ जानेवारी २०२४ ला शुल्काची मागणी आली. विकास शुल्क आणि छाननी मिळून २१,३४०. कामगार कल्याण उपकर १४,०००, कारण अंदाजपत्रक १४ लाखांचं आणि उपकर १ टक्का. तेव्हा स्वतःच्या राहत्या घराचा खर्च १० लाखांच्या आत असेल तर हा उपकर लागत नव्हता. मिस्त्री म्हणाला, साडेनऊ लाख दाखवा की. पण बँकेला १४ दाखवलेले होते, आणि दोन ठिकाणी दोन आकडे ठेवून झोप लागणारी मी नाही. वर राडारोडा रस्त्यावर टाकणार नाही याची अनामत ५,०००, काम झाल्यावर परत मिळणारी. झेरॉक्स, नोटरी, एसटी, स्कॅनिंग यांचे मी वहीत मांडलेले २,४०० धरले तर सगळे मिळून ९५,८४० रुपये झाले. एकही रुपया विटेवर नाही.

९ जानेवारीला परवानगी आली. मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं चार पानी पत्र, वर कलम ४५, खाली अटींची रांग. मी शाळेत होते, मधली सुट्टी होती, मोबाइलवर उघडलं आणि पहिल्यांदा काय बघितलं तर आईचं नाव बरोबर लिहिलंय का. बरोबर होतं. पत्र मुदतीचं असतं, वर्षभरात काम सुरू झालं नाही तर नूतनीकरण करावं लागतं, हेही त्यातच लिहिलेलं असतं. अटी वाचा. आम्हाला परवानगी क्रमांकाचा फलक दर्शनी लावायचा होता आणि जोत्यापर्यंत काम आल्यावर तपासणी करून घ्यायची होती. जोत्याचा दाखला न घेता पुढं गेलं तर शेवटी भोगवटा प्रमाणपत्र (बांधलेलं घर वापरायची परवानगी) अडतं.

आत्या १७ तारखेला आली. बळदाचं तोंड उघडलं तर तळाशी मूठभर ज्वारी निघाली, किडून पीठ झालेली. ती तिनं पदरात घेतली, परसात टाकली आणि जात्याजवळ जाऊन बसली. १८ जानेवारीला माळवद उतरवायला सुरुवात झाली. चार दिवस नुसती माती निघत होती. ट्रॅक्टरच्या ३१ खेपा झाल्या. एवढं ओझं आपल्या डोक्यावर घेऊन आपण झोपत होतो, हे तेव्हा दिसलं.

पुढचं बांधकाम मिस्त्रीच्या हिशेबानं झालं, म्हणजे उशिरानं. जोत्याची तपासणी मार्चमध्ये झाली. खालचा स्लॅब मे महिन्यात पडला, तोही आठवडाभर लांबला, कारण ७ मेला लोकसभेचं मतदान आणि माझी केंद्रावर ड्यूटी. मी नसताना स्लॅब टाकायचा नाही, असं मी सांगून ठेवलं होतं. नोव्हेंबरमध्ये भोगवटा मिळाला. त्याच्या मागोमाग नव्या कर आकारणीची नोटीस, वर्षाला १,१४० ची घरपट्टी ३,९०० झाली.

गल्लीत आमचंच घर पावणेदोन फूट मागं आहे. सुरुवातीला लोक हसायचे. आता तात्या रोज सकाळी खुर्ची आणून त्याच जागेत पेपर वाचत बसतात. गल्लीत पाय न अडवता बसता येईल अशी दुसरी जागा नाही म्हणतात.

५,००० ची अनामत अजून परत मिळालेली नाही. अर्ज दिलाय, पोच घेतलीय, आवक क्रमांक वहीत आहे. गुरुवारी शाळा सकाळची असते, तेव्हा जाऊन येणार आहे.